जमीन वाढत नाही
(जयसिंगपूर येथे केलेले भाषण)



आज जमिनीविषयी चार गोष्टी बोलू. माणसे वाढतात, घरे वाढतात. जमीन मात्र वाढत नाही. म्हणून ती जपून वापरावी लागते.

आपले जयसिंगपूरच पाहा ना. १८९१ साली कोल्हापूर ते मिरज आगगाडी सुरू झाली. पुढे या रुळांलगत राजर्षी शाहू महाराजांनी नवी पेठ वसवली. आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव तिला दिले. आधी आखणी झाली, मग घरे उठली. म्हणून इथल्या गल्ल्या सरळ आहेत, त्यांना क्रमांक आहेत. नवखा माणूसही पत्ता शोधून काढतो.

आता पेठेचे शहर झाले. ते शेजारच्या गावांच्या शेतांकडे सरकते आहे. वाढ कशी होते ते समजून घ्या. समजा, एखाद्या गावात शंभर माणसांमागे दर साली दोन माणसे वाढली. दोन म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. पण व्याजावर व्याज चढावे तसे हे आहे. पस्तीस वर्षांत ते गाव दुप्पट होते! दुप्पट माणसांना घरे हवीत, शाळा हवी, पाणी हवे, दवाखाना हवा. मग ज्याचे शेत शहराला लागून, त्याच्या दारात गिऱ्हाईक येते.

एका एकरात ४० गुंठे. प्लॉट पाडले की एकरकमी पैसा मिळतो. पण पैसा एकदाच येतो, शेत दर साली पिकते. कृष्णाकाठच्या काळ्या रानावर एकदा घर उठले, की तिथे पुन्हा ऊस उगवत नाही. जमीन विकूच नये, असे मी म्हणत नाही. पिकाऊ रान आधी विकू नये, एवढेच म्हणतो.

घर बांधायला जागा घेणाऱ्यानेही पाहून घ्यावी. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात. २००५, २०१९ आणि २०२१ साली शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पुराचे पाणी शिरले. सरकार नकाशावर पुराच्या दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आतली जागा स्वस्त मिळते. का मिळते, ते ओळखा!

शहर कसे वाढावे, हे ठरवायलाही कायदा आहे. तो १९६६ सालचा नगररचनेचा कायदा. त्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा होतो. रहिवास कुठे, बाजार कुठे, रस्ता कुठून, शाळेला जागा कोणती, हे त्यात दाखवतात. आराखडा कायम होण्याआधी लोकांपुढे ठेवतात. तुमच्या शेतातून रस्ता दाखवला असेल, तर लेखी हरकत घेता येते. पण तिला मुदत असते. मुदत टळली की बोलून काय उपयोग?

मंडळी, आता तुम्हाला अक्षरे आली आहेत. त्यांचा हा उपयोग करा. नगरपरिषदेत आराखडा लागला की जाऊन पाहा. आपला गट नंबर शोधा. सातबारा स्वतः वाचा. बाईमाणसांनीही वाचावा, कारण जमीन गेली तर चूल दोघांचीही विझते. दस्तावर सही करण्याआधी तो दोनदा वाचा. न कळले तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

एवढे बोलून मी रजा घेतो.