झोका कुठे थांबवायचा?

चेन्नईतल्या नुंगंबाक्कमला आलेल्या मराठी घरांनी इथली तूळी अगदी आपलीशी केली आहे. छताच्या कडीला आईची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी बांधायची, आत लाकडी दांडी घालून ती फाकवायची, की तूळी तयार. आजी दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून शेंगा सोलत बसते आणि बाळ बघता बघता गाढ झोपतं. हे सगळं मोडीत काढा, असं मी म्हणणार नाही. झोका बाळ पेंगेपर्यंत द्या, झोपेपर्यंत देऊ नका, एवढंच माझं सांगणं.

तान्ह्याच्या झोपेचा एक फेरा साधारण 50 ते 60 मिनिटांचा. तो संपला की बाळ अर्धवट जागं होतं. आपणही रात्रीतून असे जागे होतो, कूस बदलतो आणि झोपतो. बाळाचे डोळे मिटले तेव्हा मात्र झोका चालू होता, आता तो थांबलेला असतो. मग ते टाहो फोडतं, आणि आईला वाटतं, भूक लागली असेल.

म्हणून डोळे जड झाले, पण मिटले नाहीत, अशा वेळी बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणं ठेवा. कुरकुरलं तर लगेच उचलू नका. छातीवर हात ठेवा, अंगाई गुणगुणा, आणि रोज तो हात थोडा लवकर काढा. गादी वेगळी असली तरी खोली आईचीच असू द्या. पहिले सहा महिने तरी तेच सुरक्षित. फार लहान बाळाला रात्रभर तूळीत ठेवू नये, कारण हनुवटी छातीला टेकली की श्वास अडू शकतो.

घाई मात्र नको. पहिले काही महिने रात्रीचं पाजणं लागतंच. तेव्हा रडलं की घ्यायचं. सहाव्या महिन्याच्या आसपास आपलं आपण झोपणं शिकवायला घ्या. त्यानं मुलाच्या मनावर ओरखडा उमटेल, ही भीती मला आयांच्या डोळ्यांत दिसते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा मुलांना सहाव्या वर्षी पुन्हा तपासलं. 2012 साली निष्कर्ष आले: वागण्यात किंवा आईशी असलेल्या नात्यात अपाय आढळला नाही. तरीही दार लावून रडत ठेवणं मला मान्य नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

आपल्याकडे खरी अडचण उशिराची आहे. बाबा नऊला घरी येतात, मग खेळ, मग टीव्ही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीनुसार एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून 11 ते 14 तास हवेत. ते कुठून येणार? बाबांनी सकाळी खेळवावं, रात्री दिवे लवकर मालवावेत.

आणि उकाडा! इथल्या वेधशाळेनं मे 2003 मध्ये 45 अंशांची नोंद केली होती. अशा दिवसांत दुपटी, टोपडी काढा. पातळ सुती झबलं पुरे, पंखा चालू ठेवा.

मूल घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, वजन वाढत नसेल, तर मात्र सवयीला दोष देऊ नका. नागेश्वर रोडवरचं कांची कामकोटी चाइल्ड्स ट्रस्ट हे मुलांचं इस्पितळ जवळच आहे. आधी तिथे दाखवा, झोप नंतर शिकवा.