जवळचे दार

तरुणाचे मन ढासळू लागले की घरची माणसे आधी समजूत घालतात, मग दोष देतात. उपचाराचे दार शोधले जाते ते सर्वांत शेवटी. मध्य प्रदेशातील जुनी मनोरुग्णालये ग्वाल्हेर व इंदूर येथे. जबलपूरहून ती दूर. परंतु जबलपूरच्याच नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारी सेवेत असे उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध असतो. मुलाची झोप, भूक आणि बोलणे हरपले, तर ज्वराइतक्याच तत्परतेने हे दार ठोठावले पाहिजे.