नंबरप्लेट आधी, गाडी नंतर



मी लखनौहून बोलतोय, अलीगंजमधून. आज विषय जुन्या गाडीचा. छोटी, घरच्या चार माणसांना पुरेल अशी आणि खिशाला झेपेल अशी. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांना ही गाडी घेताना एक जादा प्रश्न पडतो, जो पुण्या-नाशिकात सहसा पडत नाही: गाडी कुठल्या राज्याची घ्यायची? इंजिन, टायर, ॲव्हरेज हे सगळं नंतर. मी आधी नंबरप्लेट बघतो.

माझा भाचा सरकारी बँकेत आहे. बदलीवर इथे आला, सोबत बायको, सहा वर्षांची मुलगी आणि माझी ताई, म्हणजे त्याची आई. ताईचे गुडघे दुखतात. ई-रिक्षात चढणं-उतरणं तिला जमेना. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की घरात आदल्या रात्रीपासून बैठक. बजेट तीन लाख, फार तर सव्वातीन. तो म्हणाला, "मामा, रविवारी तू चल बरोबर."

पहिली गाडी डिझेल, डीएल नंबरची, नऊ वर्षांची. दिसायला झकास. तसलीच यूपी-३२ नंबरची, म्हणजे लखनौच्या नोंदणीची गाडी शेजारी उभी होती, ती ऐंशी हजारांनी महाग. विकणारा म्हणाला, "डॉक्टर साहब की गाड़ी है, शौक से रखी है." लखनौच्या बाजारात जुनी गाडी कधी साध्या माणसाची नसतेच. ती डॉक्टरची असते, नाहीतर फौजी अधिकाऱ्याची.

आता ही ऐंशी हजारांची मेहेरबानी कशासाठी? दिल्ली आणि एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. पुढे २०२५ मध्ये थोडा दिलासा मिळाला, पण तिथल्या मालकाच्या मनातली धास्ती गेली नाही. दहावं वर्ष जवळ आलं की तो गाडी काढतो. लखनौ एनसीआरच्या बाहेर, त्यामुळे त्या गाड्या इकडे येतात. गाडी खराबच असते असं नाही. पण ती घेतली की दिल्लीच्या आरटीओची एनओसी आणायची, यूपीचा कर नव्याने भरायचा, आणि उद्या बदली नोएडाला झाली तर तीच गाडी घेऊन पुन्हा त्याच बंदीत जायचं. बँकवाल्याची बदली कुठे होईल ते कुणी सांगावं? एनओसी कुठे आहे विचारलं तर उत्तर आलं, "निकलवा देंगे." आम्ही चहा घेतला आणि उठलो. तसं नोएडाची यूपी-१६ आणि गाझियाबादची यूपी-१४ याही एनसीआरच्याच गाड्या. राज्य एकच असल्याने कराचा घोळ नाही, पण वयाची भीती तीच. किंमत कमी दिसली की कारण तेच असतं.

दुसरी गाडी होती एमएच-१२. विकणारं कुटुंब मराठी, पुण्याला परत निघालेलं. गाडी बघायच्या आधी पोह्यांची बशी पुढे आली. भाच्याचं मन तिथेच बसलं. गाडीही खरोखर नीट ठेवलेली, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फाइलला. पण ती लखनौत दोन वर्षं एमएच नंबरवरच फिरत होती. मोटार वाहन कायद्याचं ४७ वं कलम सांगतं की, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यायलाच हवा. "लाइफटाइम टॅक्स भरलाय" असं ते म्हणाले, ते खरं होतं. पण भरला महाराष्ट्रात. इथे गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा भरायचा, आणि तिकडच्या उरलेल्या वर्षांचा परतावा तिकडे अर्ज करून मागायचा. त्या अर्जामागे लखनौहून कोण धावणार? कर, एनओसी, एजंट असं सगळं धरून मी रक्कम काढली आणि तेवढी किमतीतून कमी करा म्हटलं. त्यांना जमेना. राग-लोभ काही नाही, पोहे उत्तम होते.

सतत बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. २०२१ पासून बीएच मालिका आहे. सरकारी नोकर, सरकारी बँकांचे कर्मचारी, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे लोक तिला पात्र ठरतात. जुनी साधी नोंदणीही आता बीएचमध्ये बदलता येते. कर दोन-दोन वर्षांचा भरावा लागतो. भाच्याने हिशेब केला आणि सध्या नको म्हणाला.

तिसरी गाडी यूपी-३२. वॅगनआर, पेट्रोल, २०१९ च्या शेवटाची, दुसरा मालक. २०१९ चा शेवट मी मुद्दाम शोधत होतो. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस आणि त्याच वर्षी १ जुलैपासून चालकाची एअरबॅग, मागचा पार्किंग सेन्सर, सीटबेल्टची आठवण करून देणारा आवाज, हे सगळं सक्तीचं झालं. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत यातलं बरंच काही नसायचं. बाहेरून दोन गाड्या सारख्या दिसतात, म्हणून आरसीवरचा उत्पादनाचा महिना वाचायचा.

आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावून बघितला, थंड होता. सोबत आमचा मिस्त्री. त्याने मागचं स्टेपनीचं झाकण काढलं, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले. पुरात बुडालेल्या गाडीचा चिखल अशाच जागी राहतो. सांगली-चिपळूणकडच्या लोकांना हे सांगायला नको. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर चाळीस हजार दाखवत असेल आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल, तर माझा विश्वास पेडलवर.

चालवून बघायला निघालो तो ज्येष्ठातला मंगळवार निघाला. इथे त्याला बडा मंगल म्हणतात. हनुमान मंदिराकडच्या रस्त्यांवर जागोजागी भंडारे, पुरी-भाजी आणि सरबताच्या रांगा. कपूरथळा चौकापासून गाडी अर्धा तास मुंगीच्या चालीने. बाहेर बेचाळीस अंश. विकणारा कावलेला, आणि मी खूश. क्लच, रेडिएटरचा पंखा आणि एसी यांची यापेक्षा कडक परीक्षा कुठे मिळणार? मग सीतापूर रोडला जरा वेगात घेऊन ब्रेक पाहिले. परत आल्यावर ताईला बसवलं. उंच सीट, सरळ दार. ती बसली, उतरली, पुन्हा बसली. म्हणाली, "वाकावं लागत नाही रे." निम्मा निर्णय तिथे झाला.

उरलेला निम्मा मोबाइलवर. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला: मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्ज आहे का. चलनं वेगळी पाहिली. तर कर्जाच्या रकान्यात बँकेचं नाव होतं. हप्ते वर्षापूर्वीच संपले होते, पण बोजा उतरवलाच नव्हता. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. विकणारा म्हणाला, पैसे द्या, मग करून देतो. भाचा डगमगला, ताईची दवाखान्याची तारीख जवळ होती. मी म्हटलं, टोकन दे, बाकी नाव लागताना.

मी इतका ताठ का? माझी जुनी गाडी मी पुण्यात एका दलालाला विकली होती. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळा झालो. त्याने पुढे कुणाला विकली देव जाणे, तीन वर्षं चलनं माझ्या फोनवर येत होती. ती फक्त चलनं, म्हणून निभावलं. फेब्रुवारी २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. गाडी २००७ मध्ये विकलेली, मग हातोहात पुढे गेलेली. २००९ मध्ये तिने अपघात झाला, एक मुलगा गेला. भरपाई कुणी द्यायची? न्यायालय म्हणालं, ज्याचं नाव नोंदणीला आहे त्याने. म्हणजे ज्याने दोन वर्षांपूर्वीच गाडी विकली होती, त्याने.

दलालांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम आहेत. गाडी अधिकृत डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी ने आरटीओला द्यायची, आणि त्यानंतर तो डीलरच मालक मानला जातो. तेव्हा विकताना डीलर अधिकृत आहे का, आणि ती सूचना गेली का, हे विचारा. भावाचं म्हणाल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. "नई तो इतने की है" असं कुणी म्हणालं तर त्याला आजची नवी किंमत दाखवायला सांगा.

तर आमची गाडी. बोजा उतरायला तीन आठवडे गेले, तोवर ताईला दोनदा मीच दवाखान्यात नेलं. मग फॉर्म, विमा भाच्याच्या नावावर. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही, म्हणून हप्ता थोडा जास्त बसला. नवी आरसी आली त्या संध्याकाळी भाच्याने तिचा फोटो विकणाऱ्याला पाठवला. मागितला नव्हता तरी. पाच मिनिटांत फोन आला, "भैया, अब जाके नींद आएगी."