हात थांबले, फीट थांबली नव्हती



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत. मी मेंदूच्या आजारावर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण आजचा विषय मला पुस्तकाने नव्हे, एका शनिवारच्या रात्रीने दिला.

१९९८ सालची गोष्ट. अम्मी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. एकाएकी परात कलंडली आणि ती आडवी झाली. हातपाय ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. शेजारीपाजारी धावले. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवायला सांगितलं, मामूंनी दंडाला तावीज बांधला. सगळ्यांची माया खरी होती, उपाय एकही खरा नव्हता. जीप करून शहरातल्या दवाखान्यात निघालो. वाटेत दोनदा पुन्हा आकडी आली. तिथे इंजेक्शन दिल्यावर हातपाय थांबले. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, ‘‘आता झोपू द्या. फीटनंतर माणूस दमतो.’’

अम्मी झोपली. रविवारी दुपारीही झोपलेलीच. हाक मारली तर ओ नाही. फक्त डावी पापणी मधूनच फडफडायची. मी नर्सबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘‘मेंदूचा आलेख काढायला हवा. पण ईईजीची खोली सोमवारीच उघडते.’’ सोमवारी टेक्निशियन आले, केसांत पेस्ट लावून एकेक तार चिकटवली, कागद सरकू लागला. तो पाहून मोठे डॉक्टर म्हणाले, ‘‘अहो, यांची फीट थांबलेलीच नाही. आत चालू आहे.’’

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही.

मेंदूच्या पेशी एकमेकींशी अतिशय क्षीण विजेने बोलतात. जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतली ही वीज प्रथम नोंदवली, १९२९ साली ती जगापुढे मांडली. एरवी या पेशींची कुजबुज बाजारातल्या गलक्यासारखी असते, ज्याचं त्याचं बोलणं निराळं. आकडीत मात्र त्यांचे मोठाले जथे एकाच तालात ओरडू लागतात. हा ओरडा हातापायांपर्यंत पोहोचला तर झटके दिसतात. नाही पोहोचला तर माणूस नुसता निजलेला दिसतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातील डॉक्टरांनी १९९८ साली अशा १६४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घ फीटनंतर त्यांचे झटके औषधाने थांबले होते. तरीही आलेखावर जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या मेंदूत आकडी पुन्हा उमटत होती. फीट जितकी लांबते तितकी ती औषधाला दाद देईनाशी होते आणि मेंदूला इजा होण्याची भीती वाढते. म्हणून इथे तासातासाला किंमत आहे.

आता कवीला भुरळ पाडणारी हकीकत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात योसेफ परविझी नावाचे मेंदूतज्ज्ञ आहेत. ते एकदा क्रोनॉस क्वार्टेट या वाद्यवृंदाच्या मैफलीला गेले. अवकाशातून टिपलेल्या लहरींवर रचलेलं संगीत तिथे वाजत होतं. त्यांच्या मनात आलं, अवकाश ऐकता येतं तर मेंदू का ऐकू नये? त्याच विद्यापीठातले संगीतकार ख्रिस चेफ यांना त्यांनी गाठलं. दोघांनी मेंदूच्या लहरींना गळ्यातून निघाल्यासारखा स्वर दिला. आकडी आली की तो स्वर थरथरतो, किंचाळल्यासारखा होतो.

२०१८ साली त्यांनी याची परीक्षा प्रसिद्ध केली. ईईजी वाचण्याचं शिक्षण नसलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि नर्सना पंधरा-पंधरा सेकंदांचे आवाज ऐकवले. विद्यार्थ्यांनी सरासरी ९८ टक्के आणि नर्सनी ९५ टक्के आकड्या ओळखल्या. त्याच लहरी नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्या मेंदूतज्ज्ञांचं प्रमाण होतं ८८ टक्के. कानाची ही करामत!

यातूनच सेरिबेल नावाचं यंत्र निघालं. कपाळाभोवती बांधायचा एक पट्टा, त्यात दहा इलेक्ट्रोड आणि हातात मावेल असं यंत्र. नर्ससुद्धा ते खाटेपाशीच लावू शकते. पुढे पाच अमेरिकी रुग्णालयांत पाहणी झाली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. नेहमीचा ईईजी सुरू व्हायला तिथे साधारण चार तास लागत होते. या पट्ट्याला लागली पाच मिनिटं. चार तास आणि पाच मिनिटं! आम्ही तर शनिवार रात्रीपासून सोमवारपर्यंत थांबलो होतो.

अर्थात हे यंत्र म्हणजे सर्वज्ञ नव्हे. पट्टा डोक्याभोवती बसतो, माथा मोकळा राहतो. त्यामुळे एखादी आकडी निसटू शकते. शेवटचा शब्द मेंदूतज्ज्ञाचा आणि संपूर्ण ईईजीचाच. पट्टा फक्त एवढं सांगतो की, इथे आग आहे, थांबू नका.

असा पट्टा प्रत्येक गावी लगेच येईल असं मी म्हणत नाही. पण दोन गोष्टींना यंत्र लागत नाही. आकडी आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल दूर ठेवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांवर गेली, किंवा शुद्ध न येताच पुन्हा आली, तर थेट दवाखाना गाठा. आणि दुसरी गोष्ट : झटके थांबूनही माणूस शुद्धीवर येत नसेल, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, ‘‘डॉक्टरसाहेब, फीट आत तर चालू नाही ना?’’ मला त्या रविवारी हा प्रश्न ठाऊक नव्हता.

अम्मी बुधवारी शुद्धीवर आली. पुढे अकरा वर्षं जगली. माणसं ओळखायची, भाकरी करायची. पण लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी ज्या ऐकल्या, त्या जात्यावरच्या ओव्या तिला पुन्हा आठवल्या नाहीत. पहिली ओळ मी म्हणायचो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची, मग हसून म्हणायची, ‘‘तूच म्हण बेटा, मी ऐकते.’’

तो आजाराचा घाव होता की उशिराचा, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. म्हणूनच आज तुमच्यापुढे बोललो.