आधी मूल, मग दाखला



आम्ही बँकेतील कारकून. काउंटरपुढे माणूस उभा राहिला की प्रथम कागद मागायचे, ही आमची सवय. त्या सवयीने आमच्या हातून एक चूक घडली. ती आज आपल्यापुढे कबूल करावयाची आहे.

वस्तीतील एका भगिनीने आम्हास विचारले, "भाऊ, पोरगं दोन वर्षांचं झालं, अजून 'आई' म्हणत नाही. सरकारी इलाज मिळेल का?" आम्ही पदवीधर, म्हणून आमचा शब्द प्रमाण. आम्ही सांगितले, "आधी उत्पन्नाचा दाखला काढा, मग अपंगत्वाचा. ४० टक्के भरले तर सवलत मिळेल." ती माउली वर्षभर हेलपाटे घालीत राहिली. अखेर अंगणवाडीतील तपासणीत कळले, की मुलाला नीट ऐकूच येत नाही. ज्या वयात मूल ऐकून भाषा शिकते, त्या वयातील एक वर्ष आमच्या सल्ल्याने वाया गेले.

त्यानंतर आम्ही माहिती मिळविली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढील उपचार त्यात मोफत आहेत. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या सवलतींसाठी आहे. बाळाच्या तपासणीसाठी ती नाही.

मग पात्र कोण? पहिले, जन्मतःच दोष असलेले बाळ: दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, डाऊन सिंड्रोम. दुसरे, वयाप्रमाणे प्रगती न दाखविणारे बाळ. तिसरे, अपुऱ्या दिवसांचे, फार कमी वजनाचे किंवा जन्मल्यावर अतिदक्षता कक्षात राहिलेले बाळ. अशा बाळात आज काही दिसत नसले तरी त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते.

सहा आठवड्यांपर्यंत आशाताई घरी येऊन बाळ पाहतात. पुढे सहा वर्षांपर्यंत वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. गरज भासल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. परंतु शंका आली तर पथकाची वाट पाहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे.

शंका केव्हा घ्यावी? नऊ महिने सरले तरी बाळ आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्ष झाले तरी चालत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडीत नाही, आवाजाकडे वळून पाहत नाही, किंवा येत असलेली गोष्ट विसरू लागते, तेव्हा. "त्याचा बापही उशिराच बोलला होता" असे म्हणून थांबू नका. आणि नशिबाला बोल लावणे तर आपण केव्हाच सोडले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपापल्या गल्लीतील तीन वर्षांखालील मुलांची नावे वहीत लिहा. पथक येण्याचा दिवस अंगणवाडीताईंना विचारून ठेवा व त्या घरी निरोप पोहोचवा. एवढे काम तुम्हाला सहज जमेल.

तो मुलगा आता श्रवणयंत्र लावतो, शब्द शिकतो. त्याची आई आम्हास काही बोलली नाही. तेच आम्हास अधिक लागले. आजही लोक दाखल्यांची चौकशी करण्यास आमच्याकडे येतात. घरात लहान मूल असेल, तर आम्ही आता आधी त्याचे वय विचारतो.

जयभीम!