पाँपेईची भाकरी



नेपल्सहून सकाळी मोटार निघते. आधी पाँपेई, मग व्हेसुव्हियस, संध्याकाळी परत. वाटाड्या धनिकांचे वाडे आणि भिंतींवरची चित्रे दाखवितो. दाखवू द्या, पाहण्यासारखी आहेतच. पण आपण कामकरी माणसे. आपण विचारावे, या गावाची भाकरी कोण भाजीत होते?

तीसाहून अधिक पावभट्ट्या तेथे सापडल्या आहेत. जाती लाव्हाच्या काळ्या दगडाची. ती गाढवे आणि गुलाम फिरवीत. २०२३ साली एक भट्टी उकरली गेली. तिला रस्त्याकडे दारच नाही. बाहेर पडायचे ते मालकाच्या घरातून. लहान खिडक्या, त्यांना लोखंडी गज. जात्याभोवतीच्या फरशीत खाचा आहेत, जनावराने पाऊल कोठे टाकावे हे ठरवून देणाऱ्या! कारखान्यात ज्याने पाळी केली आहे त्याला त्या खाचा समजावून सांगाव्या लागत नाहीत.

रस्त्यावरच्या भिंती निराळे सांगतात. फळविके, खेचरवाले, सोनार यांनी निवडणुकीत आपला उमेदवार कोण ते रंगवून ठेवले आहे. तेथे धंद्याची एकजूट दिसते. गुलामाला मात्र मत नव्हते.

दुपारी मोटार हजारेक मीटर उंचीवर सोडते. पुढे राखेतून चालत विवराच्या काठाशी. डोंगर १९४४ पासून शांत आहे. पायथ्याशी लाखो लोक राहतात.

इ.स. ७९ मध्ये तो फुटला, तेव्हा मोडेस्टसच्या भट्टीत पाव होते. १८६२ साली ते कोळसा झालेले निघाले. मोजले, ८१ भरले.