साबर बोंडं

श्रोतेहो, कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने आपण निघालात, की शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा लागते. अंगारकीच्या दिवशी ही गाडी फुलून गेलेली असते. आमच्या गावचा महागणपती नवसाला पावणारा, त्यातही लग्नाच्या नवसाला, अशी लोकांची श्रद्धा. रांगेत वरमाया दिसतात, हातात मुलाची पत्रिका घेतलेले मामा दिसतात. मुलगा मागे मान खाली घालून उभा असतो. त्याच्या मनात काय आहे हे त्या रांगेत कोणी विचारत नाही. बहुतेकांच्या मनात लग्नच असते म्हणा! पण एखाद्याच्या मनात नसते, आणि का नसते हे त्याला सांगता येत नाही. अशाच एका मुलाची गोष्ट सांगणाऱ्या मराठी चित्रपटाविषयी मी आज बोलणार आहे.

चित्रपटाचे नाव ‘साबर बोंडं’. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे. अमेरिकेत युटा राज्यात सनडान्स नावाचा मोठा चित्रपट महोत्सव भरत असे. तिथे जानेवारी 2025 मध्ये परदेशी कथाचित्रांच्या विभागातले सर्वोच्च परीक्षक-पारितोषिक या चित्रपटाला मिळाले. त्या महोत्सवात गेलेला हा पहिलाच मराठी कथाचित्र. 19 सप्टेंबर 2025 रोजी तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला.

गोष्ट तशी थोडकी आहे. आनंद मुंबईत नोकरी करणारा, तिशीतला. वडील वारतात, आणि आईला घेऊन तो दहा दिवसांच्या सुतकासाठी मूळ गावी येतो. आता सुतकाचे घर कसे असते हे आपणांस मी काय सांगावे! नेम पाळायचे, अमुक खायचे नाही, तमुक घालायचे नाही, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण दुःखाची दोन वाक्ये बोलून तिसऱ्या वाक्याला विचारणार, “याचं लग्नाचं काय?” आनंदला बायको नको आहे. त्याला पुरुषाविषयीच ओढ वाटते. गावात बाल्या नावाचा त्याचा लहानपणचा सोबती आहे, शेतावर राबणारा. त्याच्याही घरी लग्नाचा लकडा लागलेला, आणि तोही टाळतो आहे. कारण तेच. या दहा दिवसांत ते दोघे जवळ येतात. पुढे काय होते ते मी सांगत नाही, आपण पाहावे.

साबर म्हणजे आपला फड्या निवडुंग, बांधावर, कुंपणाला वाढतो तो. त्याला लालजांभळी बोंडे येतात. वरची कुसे इतकी बारीक, की बोटात शिरली तर दिवसभर सलतात. म्हणून माहीतगार माणूस ती घासून काढतो, साल सोलतो, आणि मग आतला गोड गर हातावर ठेवतो. आनंदला ही बोंडे लहानपणी आवडत. त्याच्यासाठी ती आणणारा बाल्या असतो. एवढेच. प्रेमाचे भाषण नाही, गाणे नाही. पार्श्वसंगीतसुद्धा नाही. ज्यांना ढोल-ताशाची सवय आहे त्यांना पहिली वीस मिनिटे जड जातील. मला स्वतःला ती शांतताच अधिक आवडली, कारण सुतकाच्या घरात खरोखर तशीच शांतता असते.

पण माझ्या मते या चित्रपटाचा कणा ते दोघे नसून आनंदची आई आहे. जयश्री जगताप यांनी ती भूमिका केली आहे. आईला मुलाचे सारे ठाऊक आहे. ती शाळेत फार शिकलेली नाही, तिने कायदा वाचलेला नाही. पण नातलग घेरतात तेव्हा ती मुलाच्या बाजूने उभी राहते. कानवडे यांचे वडील वाहनचालक होते, मुंबईतल्या झोपडवस्तीत एका खोलीत त्यांचे बालपण गेले. वडील गेल्यावर गावी असेच लग्नाचे प्रश्न त्यांना झेलावे लागले, त्यातून ही कथा सुचली असे त्यांनी सांगितले आहे. आईवडिलांनी त्यांना समजून घेतले होते. ‘असले प्रकार शिकल्या-सवरल्या श्रीमंतांचे’ असे जे चावडीवर म्हणतात, त्यांनी ही एक खोली ध्यानात घ्यावी.

आणि हे काही आजचे नवे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या अशा प्रश्नांना सरळ उत्तरे देत. त्यावरून 1934 साली खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, पण प्रश्न विचारणारे वाचक तेव्हाही होते हे तर खरे ना! पुढे 1981 मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. त्यात स्त्रीवर प्रेम करणारी मुलगी होती.

इंग्रजांनी 1860 साली केलेल्या दंडसंहितेतले 377 वे कलम अशा माणसांना गुन्हेगार ठरवीत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 6 सप्टेंबर 2018 रोजी निकाल दिला, की दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध हा गुन्हा नव्हे. लग्नाची मान्यता मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने नाकारली. हा आजारही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली तो रोगांच्या यादीतून काढला. ‘पालटून देतो’ म्हणून उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये कळवले. तेव्हा मुलाला भगताकडे किंवा इंजेक्शनाकडे ओढत नेणाऱ्या घरांनी तो खर्च वाचवावा.

“लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल,” हे वाक्य मात्र सर्वांत महाग पडते. ते बोलणारा माणूस परत आपल्या घरी जातो. मागे राहते ती दुसऱ्याच्या घरून आणलेली मुलगी. नवरा मारीत नाही, पीत नाही, तरी जवळही येत नाही. आणि दोन वर्षांनी मूल नाही म्हणून बोल लागतो तो तिलाच. बाल्या लग्न टाळतो तेव्हा तो एकटा स्वतःला वाचवीत नाही, एवढे आपण पाहिले पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनी हे भाषण ऐकत असतील. त्यांना कानवड्यांच्याच एका छोट्या चित्रपटाचे नाव सांगतो, ‘उ उषाचा’, 2019 चा. एक निरक्षर शेतमजूर बाई, तिला प्राथमिक शाळेतल्या बाईंची ओढ वाटते, आणि त्या ओढीने ती लिहा-वाचायला शिकू लागते. आपल्या वर्गात एखादा मुलगा असतो, चालण्यावरून, आवाजावरून ज्याला पोरे नावे ठेवतात. तो पुढे कोण होईल हे आपल्याला ठाऊक नसते, आणि असायची गरजही नाही. पण मधल्या सुट्टीत तो कोपऱ्यात डबा खातो, खेळाच्या तासाला पोट दुखते म्हणतो, मग गैरहजर राहू लागतो, आणि आठवी-नववीत शाळा सोडतो. पहिल्यांदा नाव ठेवले गेले त्या दिवशी गुरुजी हसले की गुरुजींनी थांबवले, याची नोंद त्या मुलाकडे पक्की असते. चिडवणाऱ्यांना छड्या मारू नयेत. त्याने तो अधिकच उघडा पडतो. चिडवणाऱ्यांपैकी दोघांना नि त्याला मिळून एखादे काम द्यावे, फळ्याचे, बागेचे, पाण्याचे. हे जुने औषध आहे, आणि लागू पडते.

चित्रपट पाहण्यासाठी कल्याण-ठाण्यापर्यंत येणे साऱ्यांना जमणार नाही. शहरात असलेला आपला कोणी पुतण्या-भाचा हल्ली मोबाईलवर चित्रपट शोधून देतो, त्याला हे नाव सांगावे. आणि तो पुतण्या स्वतः तिशीचा असून लग्नाचे नाव काढताच उठून बाहेर जात असेल, तर या खेपेला स्थळ सुचवू नये. चहा पुढे करावा नि त्याला त्याचे बोलू द्यावे.